पाच गुंठे, रोड टच

मंचरच्या जुन्या हायवेला
झेरॉक्सवाला आणि पतसंस्था यांच्या मधोमध,
यष्टीच्या खिडकीतून रुमाल टाकून
धरून ठेवलेल्या सीटसारखी
ही जागा. पाच गुंठे. रोड टच.

पाटी माझ्या हातची.
पत्रा चार बाय तीन, पिवळ्यावर लाल:
'बिनशेती कमर्शियल प्लॉट विकणे आहे.
मध्यस्थांनी तसदी घेऊ नये.'
फ्लेक्स इथे टिकत नाही,
रात्रीतून जातो आणि सकाळी
कुणाच्यातरी कांद्याच्या बराखीवर दिसतो.
पत्रा जड. चोराला आळस.

निघोटबाई कोथरूडला असतात.
मालक गेल्यावर त्यांनी जागा विकायला काढली,
वहीच्या कागदावर नंबर दिला,
दहा आकडे, शाळेतल्या बाईंचं गोल अक्षर.
शेवटून तिसरा आकडा काढताना
मागून दुधाचा टँकर गेला,
शिडी हलली,
एकाला शिंग फुटलं.
एकाचे नऊ झाले.

मला दिसलं.
रंग ओला होता, रॉकेलचा बोळा खिशात होता.
पुसलं नाही.

इथे माझे पत्रे वाळतात.
पहाटे शेवंता मेथीच्या जुड्या मांडते,
दुपारी कांदा भरलेला टेंपो सावली देतो,
आणि त्या सावलीत ड्रायव्हर घोरतो.
चैत्रात रसवंती. भादव्यात मांडव.
भाडं कुणी मागत नाही.
विकली तर सहा गाळे येतील,
सहा शटरं,
आणि शटरांवरची नावं मशीन कापेल.

चार वर्षांत बाईंनी दोनदा विचारलं,
'एकही फोन कसा नाही हो?'
म्हटलं, 'बायपास झाला ना ताई,
गिऱ्हाईक आता बाहेरूनच जातं.'
खोटं नव्हतं.
पुरतं खरंही नव्हतं.

परवा गुरुवारी नारायणगावच्या गाडीतून
एक म्हातारा उतरला, पाटीसमोर थांबला.
मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन
एकेक आकडा जुळवला.
'यासीन आतार. ओतूर. घड्याळं दुरुस्त करतो.
चार वर्षं लोक मला या जागेचा भाव विचारतात.
आधी राँग नंबर म्हणायचो.
मग वाटलं, माणूस आशेनं विचारतो,
नुसतंच कशाला ठेवून द्यायचं?
मग सांगायला लागलो. तोंड पूर्वेला.
पाणी गोड. मालक देवमाणूस.
भाव चाळीस लाख.
पुन्हा कुणी फोन केला नाही.
म्हटलं, मरायच्या आधी
एकदा बघून तरी यावी.'

चप्पल काढून त्यानं जागा पावलांनी मोजली,
जुड्यांना वळसा घातला,
झोपलेल्या ड्रायव्हरचे पाय ओलांडले नाहीत.
मग विचारलं, 'पाणी?'
'बोअरच नाही, चाचा.'
'अरेरे. मी गोड सांगितलं.'
'तोंड?'
'पश्चिमेला.'
तो बराच वेळ पश्चिमेकडे बघत राहिला.
तिकडे फक्त मेडिकल होतं, आणि ऊन.
'चाळीस कमी तर नाही ना सांगितले?
कुणाचं नुकसान नको.'

रसाचे पैसे त्यानंच दिले.
पाचच्या गाडीला मी हात केला.
जाताना म्हणाला,
'आता फोन आला की काय सांगू?'

काल सकाळी शिडी लावली.
रॉकेलनं नऊ पुसला, एक काढला.
खाली वीतभर पिवळा उरला होता.
तिथे बारक्या अक्षरात लिहिलं:
'तोंड पश्चिमेला. बोअर नाही.'

रसवंतीवाला चरक थांबवून बघत होता.
'अशानं कोण घेईल रे?'

मी शिडी घडी केली.
ओला पत्रा
नेहमीच्या जागी वाळत ठेवला.